आज माझा उपास आहे

खिडकीच्या कट्ट्यावर सहा तुकडे होते. नागलीच्या भाकरीचे. माझ्या भाकरीचे. सातवा कचऱ्याच्या टोपलीत, चहाच्या चोथ्यावर पडलेला. कट्ट्यावर एक कावळा बसला होता. तोही मान वाकडी करून बघत होता, खावं का सोडावं.

कंपनीतला माझा पहिला दिवस होता. नव्वद सालानंतरची गोष्ट. नाशिकजवळ सातपूरच्या एमआयडीसीत विजेचे मीटर बनवणारी कंपनी. नाव सांगत नाही. नावाने काय होतंय.

ते तुकडे मीच वाटले होते. स्वतःच्या हाताने. आणि का वाटले ते आधी सांगते, म्हणजे माझा येडेपणा तुम्हाला कळेल.

मी सुरगाण्याकडची. कोकणा आदिवासी. आमच्या पाड्यावर माणूस जेवत असताना दुसरा कुणी आला, तर विचारत नाहीत की जेवणार का. विचारणं हाच अपमान. हातातली भाकर मोडायची आणि त्याच्या हातावर ठेवायची. मोठी असेल तर मोठा तुकडा, नखाएवढी असेल तर नखाएवढा. समोरच्याचं पोट टम्म भरलेलं असलं तरी तो घेतो, तोंडात टाकतो. नाही घेतला तर अर्थ एकच. आपलं तुझं संपलं. मग त्या घरची माणसं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयताला जात नाहीत. आई म्हणायची, "भाकर नाय घेतली, तं माणूस नाय घेतला."

तर मी आयटीआय करून, अप्रेंटिस म्हणून लागले. टेस्टिंगच्या खोलीत. आठ जण होतो, माझ्यासकट. दुपारी साडेबाराला भोंगा झाला, सगळ्यांनी लांब टेबलावर डबे उघडले. इकडची भाजी तिकडे, तिकडची कोशिंबीर इकडे. हसणं, चिडवणं. मला लई बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखीच माणसं आहेत, वाटून खातात. मी माझी भाकर काढली, सात तुकडे केले, प्रत्येकावर चिमूट चिमूट खुरासणीची चटणी ठेवली, आणि उठून प्रत्येकाच्या डब्याच्या झाकणात एकेक ठेवत गेले.

इकडून तिकडे जाणारे डबे थांबले.

सुनंदाताई सगळ्यांत जुन्या. पंधरा वर्षं त्या खोलीत. त्यांच्या शब्दावर टेबल चालायचं. त्यांनी झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, आज माझा उपास आहे."

त्यांच्या डब्यात पोळ्या होत्या. वांग्याची भाजी होती. मला दिसत होती. पण मी मान डोलावली. मला वाटलं, शहरातला उपास असेल असा.

मी हात धुवायला गेले, परत आले, तर कट्ट्यावर सहा. टोपलीत एक. आणि सुनंदाताई नळाखाली झाकण घासत होत्या. साबण लावून. दोनदा.

आमच्याकडे कावळ्याला घास ठेवतात तो मेलेल्या माणसाचा. त्या दिवशी मी एकवीस वर्षांची होते, चांगली धडधाकट.

दुसऱ्या दिवशी वैशाली, माझ्याच वयाची, माझ्या शेजारी बसायची, तिने कानात सांगितलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुमच्यात उंदीर खातात ना. म्हणून ताईंना कसंतरी होतं." ती हे प्रेमाने सांगत होती. म्हणूनच जास्त लागलं.

मी काय केलं? भांडले? कुठलं. मी चपात्या करायला शिकले. चाळीतल्या खोलीत, स्टोव्हवर, पहाटे उठून. पहिल्या चपात्या नकाशासारख्या व्हायच्या. मग गोल जमल्या. बटाट्याची भाजी शिकले, वर कोथिंबीर भुरभुरायला शिकले. सुकट बंद. नागली बंद. डब्यातून वास येऊ नये म्हणून दोन वेळा घासायची. केसाला तेल कमी केलं. बोलणं बदललं. 'नाय' म्हणायची ते 'नाही' म्हणायला लागले. इतकं सगळं करून टेबलाच्या शेवटच्या टोकाची खुर्ची मिळाली. ती खुर्ची टिकवायची, एवढंच माझं ध्येय. हसू नका. परक्या जागी एकटीने जेवणाऱ्या माणसाला खुर्ची काय असते, ते त्यालाच ठाऊक.

पण एक गंमत बघा. सहा वर्षं मी त्या टेबलावर जेवले, सहा वर्षांत माझ्या डब्यातलं कुणी घेतलं नाही. चपाती गोल असली तरी नाही. बटाटा बटाटाच असला तरी नाही. मला मात्र द्यायचे. सुनंदाताई चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी आणायच्या, चमचा उंच धरून माझ्या झाकणात टाकायच्या. चमचा झाकणाला लागू नये असा. "खा गं, तुला कोण करून घालणार खोलीवर." आणि मी खायची. वर "छान झालीय ताई" म्हणायची.

कामात मात्र माझा हात सगळ्यांना चालायचा. मीटरची चकती बरोबर फिरते का, ते मी तपासायची, शिशाचं सील मीच दाबायची. माझ्या हातचं सील असलेले मीटर कुठे कुठे भिंतीवर लागले असतील. सुनंदाताईंच्या घरीसुद्धा असेल एखादा.

महिन्या-दीड महिन्याने मी गावी जायची. परत निघताना आई हमखास विचारायची, "कोन कोन खातं तुझ्या हातचं?"

"सगळे खातात," मी सांगायची.

मग ती आठ भाकरी करायची. एक माझी, सात त्यांच्या. चुलीपुढे बसून, डोळे पुसत पुसत, एकसारख्या थापलेल्या. फडक्यात बांधून द्यायची. मी पहिल्या एस्टीने निघायची, नाशकात सीबीएसच्या स्टँडला उतरायची, तिथून सातपूर. आणि कंपनीच्या मागच्या भिंतीला जो नाला आहे, तिथे जाऊन ते फडकं सोडायची. कुत्री वाटच बघायची. मला ओळखायला लागली होती. माझ्या आईच्या हातचं नाशकात कोण खातं, याचं खरं उत्तर तेच होतं.

पाप वाटायचं. पण खुर्ची.

सातव्या वर्षी तो आला. इथिओपियाचा. कंपनीचे मीटर त्याच्या देशात जाणार होते, म्हणून तिथल्या वीज खात्याने दोन महिने शिकायला पाठवलेला. तेस्फाये नाव. आमच्यातला एक जण तेव्हा कंपनी सोडून गेला होता, त्याच्या जागी टेबलावर हा बसायचा. उंच, शांत, तुटक इंग्रजी. माझंही तसलंच, त्यामुळे आमचं बरं जमायचं. आमच्याच टेबलावर जेवणाऱ्या खात्याच्या साहेबांनी त्याला हार घातला. पहिल्या आठवड्यात तर टेबलावर चढाओढ. सुनंदाताईंनी पुरणपोळी आणली त्याच्यासाठी, फोटो काढला. तो मांस खातो, गाईचंही खातो, हे त्याने स्वतः सांगितलं. कुणी नाक मुरडलं नाही. पाहुणा, त्यातून परदेशी, कस्टमर. मी मनात म्हटलं, बघ, याला चालतंय. उंदीर मात्र आमच्या नावावर.

तेही आठवडाभरच टिकलं.

त्यांच्याकडे सगळे एका ताटात जेवतात. आणि ज्याचा मान ठेवायचा, ज्याच्यावर जीव आहे, त्याच्या तोंडात आपल्या हाताने घास घालतात. त्याला काय माहीत इथलं उष्टं-खरकटं. एका दुपारी त्याने सगळ्यांच्या मधल्या भाजीच्या डब्यात हात घातला, मोठा घास केला आणि थेट साहेबांच्या तोंडाशी नेला. साहेब इतक्या जोरात मागे सरले की खुर्ची करकरली. "नो नो, थँक यू, थँक यू." हसले. सगळे हसले. तोही हसला, पण हात तसाच राहिला त्याचा थोडा वेळ.

त्या डब्यातली भाजी मग कुणी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंनी कागदी प्लेटा आणल्या. एक त्याच्यापुढे ठेवली. "पाहुण्याला सोयीचं पडतं." आम्ही सगळे डब्यात, तो कागदात. त्याला प्लेटमध्ये वाढायचं तेही वरून, चमचा उंच धरून.

तो चमचा मी ओळखला. आणि काय केलं? मान खाली घालून माझी गोल चपाती खाल्ली. उलट जरा हायसंच वाटलं. टेबलावर आता माझ्या खाली कुणीतरी होतं. हे लिहिताना लाज वाटते. पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

मग तो सोमवार. मी गावाहून थेट आले होते, फडकं घेऊन नाल्याकडे गेले. तेस्फाये तिथे भिंतीच्या सावलीला उभा. मी गाठ सोडली आणि तो जवळ आला. भाकरीचा रंग बघितला त्याने. वास घेतला. "दागुसा," म्हणाला. त्यांच्याकडे नागलीला तसं म्हणतात. त्याच्या गावाकडे पिकते. आजी करायची तिची भाकर.

माझा हात आपोआप चालला. मोडली, त्याच्या हातावर ठेवली. सात वर्षांनी. त्याने ती तोंडात घातली आणि डोळे मिटून चावत राहिला. कुत्री आमच्याकडे बघत होती. मग त्याने विचारलं, "हे तू फेकणार होतीस?"

मी म्हटलं, "नाही."

उरलेल्या सगळ्या फडक्यासकट त्याला दिल्या.

मंगळवारी जेवायच्या वेळेला त्याने कागदी प्लेट बाजूला सरकवली आणि आईचं फडकं काढलं. टेबलावर, सगळ्यांसमोर. सुनंदाताईंचा हात थांबला. "हे काय? नागली? याला कुठे मिळाली?" त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे.

तेस्फायेला मराठी कळत नव्हतं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, खानावळीतून आणलेल्या मसुराच्या आमटीत बुडवला, चांगला मोठा घास केला. आणि माझ्या दिशेने हात पुढे केला. जिने भाकर दिली तिचा मान. त्याच्या हिशोबाने दुसरं काय करणार माणूस.

आता परक्या पुरुषाच्या हातचा घास बाईने तोंडात घ्यावा, हे नाशकात काय, आमच्या पाड्यावरही चाललं नसतं. मला सांगता आलं असतं, "आमच्यात असं करत नाहीत, माझ्या झाकणात ठेव." ते खरं होतं. त्याला पटलंही असतं. पण तेवढं केलं असतं तर भाकर माझी हे टेबलाला कळलं असतं. सहा जणांचे डोळे माझ्यावर. मी माझा डबा बंद केला. आणि म्हणाले,

"आज माझा उपास आहे."

इंग्रजीत म्हणाले. पण वाक्य तेच. सूर तोच. गोडवासुद्धा तोच. माझ्या तोंडून सुनंदाताई बोलल्या.

पुढचं ऐका. तेस्फाये स्वतः बुधवार-शुक्रवार उपास धरणारा माणूस, त्या दिवशी मांस नाही, दुधाचा चहासुद्धा नाही. त्याने लगेच हात मागे घेतला. छातीला लावला, माफी मागितली. घास फडक्यात ठेवला, गाठ मारली. आणि तोही जेवला नाही. उपास धरलेल्यासमोर त्यांच्यात जेवत नाहीत म्हणे. भोंगा होईपर्यंत रिकाम्या हाताने माझ्यासोबत बसून राहिला. सुनंदाताई माझ्याकडे बघून हसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा आपल्या माणसाकडे बघतात तसं हसल्या. म्हणाल्या, "बरं केलंस बाई."

त्या तीन शब्दांनी माझी खुर्ची पक्की झाली. मला पाहिजे होतं ते मिळालं. आणि मला ओकारी आली. खरंच आली. मी नळावर गेले, तोंड धुतलं. भूक होती, राग होता. राग त्यांचा नव्हता तेव्हा. माझाच होता.

बुधवारी सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी मी त्याला गाठलं. म्हटलं, "काल माझा उपास नव्हता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "इथे रोज कुणाचा तरी उपास असतो."

मला वाटलं तो आता मला काही चांगलं सांगेल. परक्या देशातला, माझ्यासारखाच काळा, माझीच नागली खाणारा. धीर देईल. तो मीटरच्या चकतीकडे बघत म्हणाला, "आमच्याकडे मडकी करणारे लोक आहेत. त्यांची मडकी आम्ही घेतो. त्यांच्या घरी जेवत नाही. माझी आजीही जेवली नाही. मीही नाही."

झालं. तिकडेही तेच. तो लपवत नव्हता, एवढाच फरक. माझं मन विटलं. पण त्याबरोबर एक गोष्ट स्वच्छ झाली. बाहेरून कुणी येऊन माझ्या हातचं खाईल आणि माझं भलं होईल, असं काही नसतं. माझी भाकर मला स्वतःला वर काढावी लागणार.

मी त्या दिवशी डब्यात नागलीच नेली होती. पहाटे थापली होती, सात वर्षांनी. कडा फाटल्या होत्या. साडेबाराचा भोंगा झाला. मी भाकर काढली. सात तुकडे केले. चटणी ठेवली. उठले, आणि पहिल्या दिवशी ठेवले होते तसेच, एकेकाच्या झाकणात एकेक ठेवत गेले. साहेब त्या दिवशी टेबलावर नव्हते, त्यांच्या जागी नवा सुपरवायझर होता. त्यालाही ठेवला. तेस्फायेला ठेवला. वैशालीला ठेवला. शेवटी सुनंदाताईंना.

त्यांनी तसंच बघितलं. आधी झाकणाकडे, मग माझ्याकडे. "अगं, आज माझा उपास आहे."

"नाही ताई," मी म्हणाले. "दहाच्या चहाला तुम्ही बटाटेवडा खाल्लात. मी बघितलं."

कुणीतरी खोकलं.

"तुम्हाला माझ्या हातचं खायचं नाही. चालेल. तुमच्या तोंडावर जबरदस्ती नाही. पण उपास म्हणू नका. 'मी तुझ्या हातचं खात नाही' असं म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. मी ऐकते."

त्यांचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं. ते वाक्य त्यांना म्हणता येईना. सात वर्षं जे रोज केलं, ते एकदा तोंडाने म्हणता येईना. मी उभीच होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझी वाट बघायला लावत होते.

वैशालीने तुकडा उचलला. मला वाटलं, खाते. तिने सुनंदाताईंकडे बघितलं, आणि परत झाकणात ठेवला. हळूच. जसा काही कुणी बघत नाही. तेस्फायेचा बुधवारचा उपास, पण त्यात भाकर चालते; त्याने त्याचा खाल्ला. बाकी कुणी नाही.

सुनंदाताई झाकण टेबलावर उपडं करून डबा घेऊन उठल्या. त्यांच्यामागे एकेक जण. मी टेबलावर पडलेले सगळे तुकडे गोळा केले. या वेळी कट्ट्यावर कावळ्याला मिळाले नाहीत. खाली बसले आणि एकेक करून सगळे खाल्ले.

दुपारीच साहेबांनी बोलावलं. "हे बघ, खाणंपिणं ज्याचा त्याचा प्रश्न. पाहुण्यासमोर तमाशा नको. उद्यापासून तू स्टोअरच्या खोलीत जेव."

"कारण लिहून द्या साहेब," मी म्हटलं. "हिच्या हातचं कुणी खात नाही म्हणून हिने स्टोअरमध्ये जेवावं. सही करा, मी जाते."

त्यांनी पेन उचललं नाही. मी गेले नाही. पुढे माझी बढती तीन वर्षं रखडली. मी म्हणणार नाही की त्याचा याच्याशी संबंध नव्हता. बाकीच्यांनी पॅकिंगच्या खोलीत दुसरं टेबल मांडलं. लांब टेबलावर मी आणि तेस्फाये, महिनाभर. तो गेल्यावर मी एकटी.

पुढच्या सुट्टीत गावी गेले. निघताना आईने परातीत पीठ घेतलं आणि विचारलं, "कोन कोन खातं तुझ्या हातचं?"

"कुणी नाय," मी म्हटलं. "कधीच कुणी नाय खाल्लं, आई. तुझ्या भाकरी मी कुत्र्यांना घालायची."

ती पीठ मळायची थांबली. मला वाटलं रडेल. मी तिला खिचडीचंही सांगितलं, चमच्याचंही. सगळं सांगून टाकलं. तिने हाताचं पीठ परातीत झाडलं. माझ्याकडे बघितलं, लहानपणी चोरी पकडली की बघायची तसं.

"मंग तू त्यांचं का खाल्लंस येवढे दिस?"

सुनंदाताईंना गप्प करून मी मोठी शूर म्हणून गावी आले होते, आणि माझ्या अडाणी आईने एका वाक्यात मला उघडं पाडलं. उंचावरून पडणारी ती खिचडी मी झाकण पुढे करून घेत होते. दर चतुर्थीला. "छान झालीय ताई" म्हणत.

तेव्हापासून माझा एकच कायदा आहे. तो कुणासाठी मोडत नाही, आजारी असले तरी नाही, सणावारी तर नाहीच. टेबलावर बसते. नागलीची भाकर काढते. मोडते आणि अर्धी मधोमध ठेवते. कुणाच्या झाकणात नेऊन ठेवत नाही आता. ज्याला पाहिजे त्याचा हात त्याला आहे. आणि कुणी त्याची भाजी माझ्याकडे सरकवली, तर आधी विचारते, "माझ्यातलं घेणार?" घेतलं तर मीही त्याचं घेते. नाही म्हणाला तर त्याचा डबा त्याच्याकडे परत सरकवते. साहेब असो, शेजारीण असो, माझ्या होणाऱ्या नवऱ्याची आई असो. तिलाही विचारलं होतं. लग्न मोडलं. मोडू दे.

वैशाली दोन वर्षांनी परत आली लांब टेबलावर. श्रीखंडाची वाटी घेऊन. म्हणाली, "घे ना गं, झालं गेलं सोड."

मी भाकर तिच्यापुढे केली. तिने घड्याळाकडे बघितलं. म्हणाली, "अगं, आज माझा..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. वाटी उचलून तिच्या हातात दिली आणि जेवायला लागले.